पाचवा हवा

त्या गुरुवारी घरात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. बाबा सकाळी गाडी पुसायला खाली गेले आणि तासभर वर आले नाहीत, तेव्हा आई म्हणाली, "यांचं दुसरं लग्न त्या गाडीशीच लागलंय." लेक जेवणाच्या टेबलावर मुद्रितं तपासत बसली होती. पोट भरण्याचा तिचा तोच उद्योग. हातातल्या कादंबरीच्या लेखकाला उद्गारचिन्हांची हौस होती, आणि ती खडे वेचावेत तशी एकेक वेचून बाहेर काढत होती.

बाबा वजनमापांच्या खात्यातले निवृत्त निरीक्षक. तीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासले; निवृत्तीनंतर दुकानं सुटली, सवय सुटली नाही. घरातलं घड्याळ, दुधाचं भांडं, शेजारच्यांचा वजनकाटा, कशाचीही सुटका नव्हती. "अंदाज करायला हरकत नाही, मोजायला विसरू नये," हे त्यांचं वाक्य घरात मिठासारखं रोज वापरात असायचं.

गेला आठवडाभर गाडीत एक पिवळा दिवा लागत होता. खाली मिटलेला, वर उघडा असा कंस आणि त्याच्या आत उद्गारचिन्ह. चाकात हवा कमी झाली की तो लागतो. बाबांनी चारही चाकांची हवा मोजली होती. चारही चोख. तरी दिवा हटेना, आणि बाबा अशा खुशीत होते की जणू एखादा अट्टल दुकानदार हाती लागलाय.

संध्याकाळी सात वाजता त्यांनी रोजच्यासारखे आईच्या डोळ्यांत थेंब घातले. आईला काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, फक्त कडेकडेची नजर गुपचूप जात राहते. थेंब घालून झाले की बाबा तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांवर बोटं टेकवून साठपर्यंत मोजायचे. चाळिसाला आई म्हणायची, "पुरे आता," आणि ते न थांबता एक्केचाळीस म्हणायचे.

मग ते हात पुसत लेकीच्या दारात आले. "मला कळलंय काय ते. खाली येतेस का जरा? एकट्याला उचलत नाही, आणि तुला दाखवायचंही आहे."

तिने मान वर केली नाही. "रविवारी."

"रविवार तर रविवार," बाबा म्हणाले आणि गेले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

शनिवारी सकाळी बूट घालायला ते वाकले आणि तसेच कलंडले. आई त्यांच्याबरोबर रुग्णवाहिकेत बसली. लेक मागून गाडी घेऊन निघाली. दवाखान्यापर्यंतचा सगळा रस्ता तो पिवळा दिवा तिच्यासमोर होता. ती पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं. रुग्णवाहिकेत, तोंडावरच्या मास्कखालून, ते आईला काहीतरी म्हणाले होते. आई दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाचवा हवा, म्हणाले. एवढंच. पाचवा हवा."

पाचवा कोण? घरात माणसं चार: आई, बाबा, लेक, आणि दूर नोकरीला असलेला तिचा भाऊ. दुःखाच्या घरात माणसं कोडी सोडवत नाहीत, नुसती उराशी धरून बसतात. आईने हे कोडं असंच धरलं.

आणि दिवा लागतच राहिला. पेट्रोल पंपावरच्या माणसाने चारही चाकं तपासली. "चारही ठीक आहेत, ताई." गॅरेजवाला म्हणाला, आत काहीतरी बिघडलं असेल, दुर्लक्ष करा. दुर्लक्ष ही कुठली दुरुस्ती, असं बाबा म्हणाले असते. पण म्हणणारा माणूस नव्हता. आई गाडीत बसली की त्या दिव्याकडे बघत राहायची. शेवटी शेजारच्या काकू एक दिवस मऊ आवाजात म्हणाल्या की हे गॅरेजचं काम नव्हेच, यांना दिव्यांच्या बुवांकडे घेऊन जा.

लेकीने चार पुस्तकं वाचलेली होती, तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आईने महिन्याभरात पहिल्यांदा स्वतःहून चप्पल पायात घातली, म्हणून तिने गाडी काढली.

बुवांचं ठिकाण गावाबाहेरच्या रस्त्यालगत, एका जुन्या गोदामाच्या आवारात होतं. सकाळी नऊलाच वीस-पंचवीस गाड्या उभ्या, आणि प्रत्येक गाडीशेजारी तोंड बारीक केलेली माणसं. कुणाचा इंजिनाचा दिवा विझत नव्हता, ते सासरे होते. कुणाची काच आपोआप खाली यायची, ती लहानपणी गेलेली बहीण. एका बँकेतल्या साहेबांच्या गाडीत दार लावलेलं असतानाही दार उघडं असल्याचा दिवा लागायचा. बुवांनी सांगितलं, आत्याबाई बसायच्या राहिल्यात. तेव्हापासून साहेब मागचं दार उघडून मिनिटभर थांबायचे, आत्याबाई नीट बसल्या असतील अशा बेताने हलकेच, पण पक्कं लावायचे, आणि खरंच दिवा जायचा. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक त्यांना हसली नाही. तिची स्वतःचीच गाडी रांगेत होती.

बुवा पन्नाशीचे, स्वच्छ कपड्यांतले, मधाळ. पैशाला हात लावत नसत. त्यामुळे तर लोकांचा संशय दारातच मरायचा. ते चालकाच्या जागेवर बसले, गुडघ्यांवर शाल पसरली, एक हात स्टिअरिंगवर ठेवला, दुसरा शालीखाली. लोक काचांशी दाटले.

"ही आकृती बघा," बुवा म्हणाले. "लोक म्हणतात चाकाची खूण. माणूस चाकावर चालतो का? ही ओंजळ आहे. आणि ओंजळीत उभा आहे तो कोण? ज्याचं मागणं राहून गेलं तो. गाड्या कारखान्यात बनतात, माऊली, पण त्यांच्यातला उजेड कारखान्यात बनत नाही."

गर्दीतून हुंकार आला. लेकीला त्या आकृतीत फक्त कंसातलं उद्गारचिन्ह दिसत होतं, जे तिने कुठल्याही मजकुरातून उडवलं असतं.

बुवांनी डोळे मिटले. "आलात ना? घरच्यांना भेटल्याचं समाधान असेल, तर तीनदा सांगा."

दिवा मिचकला. एकदा. दोनदा. तीनदा. आणि विझला.

आईने हात लांबवून, तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा त्या काळ्या काचेवर ठेवला. त्या क्षणी लेकीचा विश्वास बसला होता, हे तिने पुढे कधी स्वतःपासून लपवलं नाही. परतताना तिला गोदामाच्या भिंतीवर मोठमोठी काळी वर्तुळं दिसली, एकावर एक, ओळीने. कसली ते तिने मनाला विचारलं नाही.

दहाव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. दोघी पुन्हा गेल्या; दिवा तीनदा मिचकून पुन्हा विझला. नंतर आठव्या दिवशी लागला. तिसऱ्या खेपेला आईने बुवांना ते शेवटचे शब्द सांगितले. बुवांनी तिचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले.

"घरात किती माणसं?"

"चार. आता तीन."

"त्यांच्या हिशेबी चारच. ते तुम्हाला सोडून गेलेले नाहीत. आणि पाचवा हवा, म्हणाले." बुवांनी डोळे उघडले. "पाचवा म्हणजे मी, माऊली. त्यांनी तुम्हाला माझ्या हवाली केलं."

मग आईला बाजूला बसवून ते बराच वेळ हळू आवाजात बोलले. परतताना आईने एवढंच सांगितलं की पुढच्या खेपेला गाडी त्यांच्या आवारात ठेवायची, कायमची, म्हणजे बाबांना जागा होईल. बुवांनी त्याआधीच काय सांगून ठेवलं होतं, याचा सुगावा लेकीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे लागला. त्यांनी दोन्ही डोळ्यांतला दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि विचारलं, "थेंब चालू आहेत ना?"

आई पर्स घेऊन उठली.

बाबा गेल्यापासून थेंब लेक घालू पाहत होती, पण आई म्हणायची, मी माझी घालते. आता घरी येऊन लेकीने कपाट उघडलं. औषधाच्या नव्या बाटलीचं सील तसंच होतं.

बुवांनी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं, आईने मग कबूल केलं, की ज्याला आतला उजेड दिसायचाय, त्याने बाहेरचं औषध डोळ्यांत घालू नये. तुमचे मालक दिव्यातून तुमची नजर राखताहेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची असते, आणि गेल्या महिन्यात आणखी थोडी गेली आहे. लेकीने दोन्ही वाक्यं आईपुढे ठेवली. आवाज चढवला नाही. घरात तिचा आवाज कधी चढायचा नाही, हीच तिची ख्याती होती.

"त्यांच्यावर विश्वास नाही तुझा," आई म्हणाली. "जिवंत होते तेव्हा तरी कुठे ऐकलंस? खाली ये म्हणत होते. मी स्वयंपाकघरात होते. ऐकलंय मी."

लेकीने गाडीची चावी उचलली. ती खाली गेली आणि गाडीत जाऊन बसली, जिथे निदान कुणी तिच्याशी बोलणार नव्हतं. भर दुपार होती, गाडी तापलेली. काहीतरी वाचायला हवं म्हणून तिने समोरचा खण उघडला आणि गाडीचं माहितीपुस्तक काढलं. लोकांची चुकांनी भरलेली पुस्तकं जन्मभर वाचली, हे मात्र आठ वर्षांत उघडलं नव्हतं. पिवळ्या दिव्याच्या पानावर खूण घातलेली होती. एका ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती, पट्टी लावून मारलेली. बाबा पट्टीशिवाय रेघ मारत नसत.

'या गाडीच्या पाचही चाकांत, म्हणजे जादा चाकासह, दाब मोजणारे यंत्र बसवलेले आहे.'

रेघ फक्त 'पाचही' या शब्दाखाली होती.

तिने ते मोठ्याने वाचलं. मग मिटल्या ओठांनी, मास्कखालून बोलावं तसं, दुसरंच काही म्हणून पाहिलं. छापखान्यातून अक्षर गळून आलेले शब्द तिने हजारदा पकडले होते. इथे दीड अक्षर गळलं होतं, आणि तेवढ्या फटीतून एक अख्खा बुवा घरात शिरला होता.

पान उलटल्यावर शालीचाही उलगडा झाला. स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ एक छोटं बटण असतं. ते दाबून धरलं की दिवा तीनदा मिचकतो आणि विझतो. चाकात त्या वेळी जितकी हवा असेल, तितकीच योग्य असं गाडी त्यानंतर धरून चालते. म्हणून, पुस्तकात ठळक छापलं होतं, आधी हवा भरावी, मगच बटण दाबावे.

ती तशीच टायरच्या दुकानात गेली. दुकान एका मावशींचं होतं, हात कोपरापर्यंत काळे, जीभ मोकळी. त्यांनी डिकीचं कापड उचललं, तळातल्या स्टेपनीला, म्हणजे त्या जादा चाकाला, हवेचा मापक लावला आणि शीळ घातली. "तेहतीस हवी, चौदा आहे. हे चाक तुम्ही कशाला बाळगता, शोभेला?" व्हॉल्व्हवर त्यांनी साबणपाण्याचा एक थेंब सोडला. थेंबाचा बारीक बुडबुडा झाला आणि फुटला. आतली पिन सैल होती. दहा दिवसांत थोडी थोडी हवा जायची, दिवा लागायचा.

लेक म्हणाली, पिन बदला, पण हवा भरू नका.

"अहो, लोक हवा भरायला येतात, तुम्ही रिकामी ठेवायला आलात?" पिन बदलता बदलता मावशींनी कारण काढून घेतलंच. बुवांचं नाव ऐकून त्या हसल्या. "तो होय. याच रस्त्याला टायर विकायचा. जुने घासून नवे म्हणून खपवायचा. तेव्हाही बोलायला असाच गोड."

भिंतीवरची काळी वर्तुळं कसली, ते आता कळलं. वर्षानुवर्षं टेकून ठेवलेल्या टायरांची.

घरी तिने आईला यातलं काही सांगितलं नाही. त्या दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं काहीच आईच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. एवढंच म्हणाली, "उद्या जाऊ. गाडी ठेवायची असेल तर ठेवू. आधी मला एक मोजून बघू दे."

दुसऱ्या दिवशी आवारात तीच गर्दी होती. त्यांची पाळी आली, बुवा शाल सावरत पुढे झाले, तेव्हा लेक म्हणाली, "आज शाल बाजूला ठेवाल का? दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून दिवा घालवून दाखवा."

बुवा हसले. लहान मुलाला हसावं तसं. "मुली, जो श्रद्धेला माप लावतो, त्याच्याशी ते बोलत नाहीत."

"ते जन्मभर मापच लावत होते," आई म्हणाली.

ती बुवांना विरोध म्हणून बोलली नव्हती. नवऱ्याबद्दल कुणी चुकीचं सांगितलं की ती सुधारायची, इतकंच. पण बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू एक घर मागे सरकलं.

लेकीने तेवढ्यात चावी फिरवली. दिवा पुन्हा लागलेलाच होता. तिने आईला बाजूच्या सीटवर बसवलं आणि सांगितलं, चालकाच्या जागेवर कुणी बसायचं नाही, तू फक्त दिव्याकडे बघ. मग तिने डिकीतून बाबांचा पायपंप काढला, नळी स्टेपनीला जोडली आणि पंप मारायला लागली.

हे दृश्य काही चमत्कारासारखं नव्हतं. चाळिशीची बाई, घामाने केस कपाळाला चिकटलेले, पंप प्रत्येक दाबाला कुरकुरतोय. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, बाईंचं डोकं फिरलंय, बिचारी. बँकेतल्या साहेबांना तिने मापक वाचायला लावला होता. ते अठरा, बावीस, सव्वीस असं पुटपुटत होते. तेहतीस झाल्यावर ती थांबली. काहीच झालं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. बुवांनी लोकांकडे बघून तळवे वर केले.

"गेला," आई म्हणाली.

लोक पुढे धावले. चालकाच्या जागेवर कुणी नव्हतं. आई होती, तिचे हात मांडीवर होते, आणि काच काळी होती.

"मिचकला का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. नुसता गेला."

लेकीने चालकाकडचं दार उघडलं, स्टिअरिंगखालचं बटण साऱ्यांना दाखवलं आणि दाबून धरलं. विझलेला दिवा तीनदा मिचकला. मग ती बोलली. तिला भाषणाची सवय नव्हती. पुस्तकातली ओळ वाचावी तशी बोलली.

"हे बटण दाबलं की हवा भरत नाही. गाडीला कमी हवेचीच सवय लागते. तीन वेळा आमच्या गाडीला असं गप्प केलं, आणि आम्ही समाधान झालं म्हणून घरी गेलो. ती नुसती गाडी होती. पण याच माणसाने माझ्या आईचं डोळ्यांचं औषध बंद केलं. डोळ्यात दाब वाढला तर कुठलाही दिवा लागत नाही. तो मोजावाच लागतो. तुमच्या दिव्यांचं काय, ते मला ठाऊक नाही. मोजून घ्या. मोजल्याने गेलेल्या माणसांचा अपमान होत नाही."

बुवा शांतपणे म्हणाले, "ऐकलंत? आज तेच हिच्या तोंडून बोलले." आणि खोटं कशाला सांगायचं, निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. काही जण गाड्यांत बसून निघून गेले. साहेब तिच्यामागे आले आणि अवघडून विचारते झाले, "मग आमच्या आत्याबाई?"

"दाराचं लॉक बघून घ्या," ती म्हणाली, आणि त्यांचा चेहरा बघून, "आठवण काढायला दिवा कशाला लागतो?"

आई अजून गाडीतच होती. समोर बघत तिने विचारलं, "ते कितवं चाक, ज्यात हवा भरलीस?"

"पाचवं."

आईचे ओठ हलले. मग तिने आपला तळवा स्वतःच्याच तोंडावर ठेवला, मास्क ठेवावा तसा, आणि त्याच्याआडून म्हणाली, "पाचव्यात हवा."

दुरुस्ती झालेली होती.

"जाता जाता हे सांगत होते," आई म्हणाली. रडत होती की हसत होती, ते बाजूने कळत नव्हतं. "दुसरं काही नाही. स्टेपनी."

संध्याकाळी सात वाजता आईने स्वतःहून बाटलीचं सील तोडलं आणि खुर्चीत मान मागे टेकली. लेकीने दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला, कोपऱ्यांवर बोटं टेकवली आणि मोजायला लागली. कडेची गेलेली नजर परत येणार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ते स्वच्छ सांगितलं होतं. दारात बाबांचे बूट अजून तसेच होते, एकाची नाडी सुटलेली.

चाळिसाला आई म्हणाली नाही, पुरे आता. ती वाट बघत होती. लेक न थांबता एक्केचाळीस म्हणाली. साठ झाले तरी तिने बोटं उचलली नाहीत. आईचे डोळे मिटलेले होते, आणि दारात कुणीच नव्हतं.

"मी यायला हवं होतं, बाबा," ती म्हणाली. "त्याच वेळी. मी यायला हवं होतं."